पाणबुड्यांचा हेलियम आणि विजयदुर्गचे ओटे

आयर्लंडच्या दक्षिणेला, सुमारे 93 मीटर खोल गारठलेल्या पाण्यात ‘लुसिटानिया’ हे बुडालेलं जहाज पडून आहे. 1994 मध्ये स्कूबा पाणबुडे तिथवर पोहोचले ते हेलियममुळे. एवढ्या खोलीवर साध्या हवेतला नायट्रोजन नशा चढवतो, म्हणून श्वासाच्या मिश्रणात हेलियम घालतात. 1919 मध्ये एलिहू थॉमसनने ही कल्पना सुचवली. 1937 मध्ये मॅक्स नोल याच वायूच्या बळावर मिशिगन सरोवरात 128 मीटर उतरला. 1939 मध्ये ‘स्क्वॅलस’ ही बुडालेली पाणबुडी वर काढताना अमेरिकी नौदलाने तो वापरला.

पण या वायूचं कूळ कोकणातलं, असा आपल्याकडचा दावा आहे. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयरला विजयदुर्गावरून हेलियम दिसला, असं सांगून किल्ल्यातले ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. त्या तारखेला तिथे हेलियम दिनही साजरा होतो.

हा दावा टिकत नाही. त्या दिवशी ग्रहण पाहणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांपैकी जान्सेन गुंटूरला होता, पॉग्सन मछलीपट्टणमला; लॉकयर मात्र इंग्लंडात. त्याने 20 ऑक्टोबरला, ग्रहण नसतानाच, सूर्याच्या कडेचा वर्णपट तपासला. त्यातली पिवळी रेषा सोडियमशी जुळेना. पुस्तकं जान्सेनला मान देतात, पण त्याचा भर ग्रहणाविना सौरज्वाला पाहण्याच्या पद्धतीवर होता. त्या रेषेमागे नवं मूलद्रव्य आहे, हे लॉकयरने लावून धरलं. माझ्या मते शोध त्याचाच.

मग ओटे कुणाचे? लॉकयरचेच! तो विजयदुर्गला आला 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. ओटे याच मोहिमेचे असणार. माणूस तोच, निमित्तही ग्रहणाचंच. तीस वर्षांचं अंतर लोकांच्या आठवणीत गळून पडलं.

मधल्या काळात हेलियम पृथ्वीवर सापडला होता. 1895 मध्ये विल्यम रॅम्झी क्लीव्हाइट खनिजात आरगॉन शोधत होता, हाती लागला हेलियम. पाणबुड्याला आज हे दोन्ही वायू लागतात. हेलियम हवेच्या सहापट उष्णता वाहून नेतो, म्हणून तो श्वासाला चालतो, पोशाखात नको. गार पाण्यात अनेक जण कोरड्या पोशाखात आरगॉन भरतात. तो हवेपेक्षाही कमी उष्णता वाहतो.

म्हणून विजयदुर्गाने 1868 चा आग्रह सोडावा आणि 1898 अभिमानाने सांगावं. हेलियमचं भाकीत खरं ठरलेलं पाहून लॉकयर त्याच सूर्याचा अभ्यास करायला या किल्ल्यावर आला, एवढा मान खणखणीत आहे.