फिल्टर : एका सबबीचा इतिहास

धूम्रपान अपायकारक नाही, असे 1940 च्या दशकात अमेरिकन सिगारेट कंपन्या जाहिरातींत डॉक्टरांना उभे करून सुचवीत असत. 1950 मध्ये अमेरिकेत विंडर व ग्रॅहम यांनी आणि ब्रिटनमध्ये डॉल व हिल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांची इतरांशी तुलना करून त्या रोगाचा सिगारेटशी असलेला संबंध दाखवून दिला, तेव्हा हा पवित्रा टिकणे कठीण झाले. 4 जानेवारी 1954 रोजी कंपन्यांनी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत संयुक्त निवेदन छापून पुरावा निर्णायक नसल्याचे सांगितले. रोनाल्ड फिशर यांच्यासारख्या थोर संख्याशास्त्रज्ञानेही, धूम्रपानाची ओढ आणि कर्करोग या दोहोंच्या मुळाशी एकच आनुवंशिक घटक असू शकेल, असा युक्तिवाद केला. ते स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू उत्पादकांचे सल्लागारही होते, हे येथे नोंदवलेले बरे.

सामान्य माणसाला मात्र संख्याशास्त्रापेक्षा फिल्टर, म्हणजे सिगारेटच्या टोकाला बसवलेली गाळणी, अधिक पटली. 1950 च्या सुमारास अमेरिकेतील विक्रीत नगण्य असलेल्या फिल्टर सिगारेटींचा वाटा दशक संपता संपता निम्म्यावर गेला. सवय मोडायची नाही आणि भीतीही जात नाही, अशा कोंडीत सापडलेल्याला फिल्टरमुळे आपण काहीतरी काळजी घेतली असे मानता येई. परस्परविरोधी जाणिवांतून येणारी अस्वस्थता माणूस कशी शमवतो, हे सांगणाऱ्या बोधात्मक विसंवादाच्या सिद्धान्तात लिऑन फेस्टिंजर यांनी 1957 मध्ये धूम्रपान करणाऱ्याचेच उदाहरण घेतले होते. या समाधानाची विटंबना अशी की, 1952 मध्ये आरोग्यरक्षक म्हणून गाजवलेल्या ‘केंट’च्या फिल्टरमध्ये 1956 पर्यंत ॲस्बेस्टॉस होते, आणि ॲस्बेस्टॉसचे तंतू स्वतःच कर्करोगकारक असतात.

पुढे ‘लाइट’ सिगारेटी आल्या. त्यांच्या फिल्टरभोवतीच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा मिसळल्याने मोजणीयंत्रावर टारचे, म्हणजे धुरातील चिकट अवशेषाचे, प्रमाण कमी भरे. पण माणूस यंत्रासारखा ओढत नाही, तो नकळत छिद्रे बोटांनी वा ओठांनी झाकतो आणि निकोटीनची गरज भागेपर्यंत खोल झुरके घेतो. 2010 मध्ये अमेरिकेत वेष्टनावर ‘लाइट’ छापण्यास मनाई झाली, तेव्हा ‘मार्लबोरो लाइट्स’चे नाव ‘मार्लबोरो गोल्ड’ झाले आणि गिऱ्हाइके पाकिटाच्या रंगावरून आपली सिगारेट ओळखू लागली.