वैमानिक व्हावे की नाही: एका पेशाची वाटचाल

भारतात विमान चालवणे हे पोटापाण्याचे साधन होऊन अजून शंभर वर्षे झालेली नाहीत. एवढ्या काळात या पेशात उतरावे की नाही, हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे वेगळ्या रूपात उभा राहिला. कधी अडचण शिकण्याच्या खर्चाची होती, कधी नोकऱ्यांची, तर कधी बाई म्हणून मिळणाऱ्या नकाराची.

1928 मध्ये दिल्ली आणि मुंबई येथे फ्लाइंग क्लब निघाले. सरकार त्यांना मदत करत असे, तरी तेथे शिकायला येणारे बहुतेक सधन घरांतले होते. जे. आर. डी. टाटा यांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक 1 होता. त्याच सुमारास इंग्लंड ते भारत हे अंतर एकट्याने पार करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखानांनी 500 पौंडांचे बक्षीस लावले. पुढच्या वर्षी टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले आणि अस्पी इंजिनिअर हा कोवळा तरुण इंग्लंडहून कराचीकडे. इजिप्तमधल्या अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीचे विमान स्पार्क प्लगअभावी अडकून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. शर्यत अस्पीने जिंकली. पुढे हेच अस्पी इंजिनिअर भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. त्या शर्यतीच्या काळात विमान हा हौसेचा आणि हिमतीचा विषय होता. त्यावर घर चालेल असे कोणी धरून चालत नव्हते.

घर चालवण्याची सोय टपालाने केली. 15 ऑक्टोबर 1932 रोजी टाटांनी एकाच इंजिनाचे पुस मॉथ विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला आणले. त्यात सुमारे 25 किलो टपाल होते. मुंबईहून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. विमानात रेडिओ नव्हता. नदी, रेल्वेचे रूळ आणि गावे पाहत वाट काढावी लागे. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, तेव्हा सगळा बाडबिस्तारा पुण्याला हलवावा लागे. या सेवेला मोजून तीन वैमानिक पुरत. पगारी वैमानिक ही नवी जात जन्माला आली होती, पण तिच्यासाठी देशभरात जागा बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे चित्र पालटले. दोस्त सैन्याची शिल्लक डाकोटा विमाने स्वस्तात विकायला निघाली आणि अनेक भांडवलदारांनी विमान कंपन्या काढल्या. ऑक्टोबर 1947 मध्ये काश्मीरमध्ये सैन्य उतरवण्यासाठी या कंपन्यांची विमाने आणि त्यांचे वैमानिकही कामाला आले. जानेवारी 1949 पासून रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. तिचे केंद्र नागपूर होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली चार विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला उतरत. टपालाच्या थैल्या एका विमानातून दुसऱ्यात जात, प्रवासी विमान बदलत आणि पहाटेपर्यंत चारही विमाने आपापल्या गावी परतलेली असत. अंधारात, वाटेवरच्या मोजक्या साधनांवर रोज रात्री हे काम करणाऱ्या वैमानिकांमुळे एका शहरात संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या शहरात पोहोचू लागले.

मात्र कंपन्या मार्गांपेक्षा जास्त झाल्या होत्या. 1950 मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने तपासणी केली, तेव्हा गरजेपेक्षा अधिक परवाने वाटले गेल्याचे दिसले. काही कंपन्या बुडाल्या आणि 1953 मध्ये सरकारने हा सारा व्यवसाय ताब्यात घेतला. परदेशी मार्ग एअर इंडियाकडे आणि देशांतर्गत मार्ग इंडियन एअरलाइन्सकडे गेले. पुढची चाळीसएक वर्षे वैमानिकाची नोकरी म्हणजे बहुतांशी सरकारी महामंडळातली नोकरी होती. नोकरी पक्की होती, मानही मोठा होता, पण भरती थोडी आणि क्वचित. फ्लाइंग क्लबात तास भरून परवाना काढलेले अनेकजण वर्षानुवर्षे जाहिरातीची वाट पाहत. त्यात तंत्रानेही माणसे कमी केली. कॉन्स्टेलेशन विमानाच्या कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या जोडीला फ्लाइट इंजिनिअर, दिशादर्शक आणि रेडिओ अधिकारी असत. आजच्या जेटमध्ये फक्त दोन वैमानिक असतात.

स्त्रियांची वाट याहून खडतर होती. सरला ठकराल यांनी 1936 मध्येच जिप्सी मॉथ विमान एकटीने उडवले, पण इंडियन एअरलाइन्समध्ये पहिली महिला वैमानिक, दुर्बा बॅनर्जी, 1966 मध्ये आली. 1985 मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी फोकर फ्रेंडशिप विमान कलकत्त्याहून सिलचरला नेले, तेव्हा वैमानिकांसह सर्व कर्मचारी स्त्रिया होत्या. आज भारतात वैमानिकांमधले स्त्रियांचे प्रमाण सुमारे 15 टक्के आहे. जगाच्या सरासरीच्या ते कितीतरी पुढे आहे.

1990 च्या दशकात खासगी कंपन्यांना दार उघडले आणि 2003 नंतर स्वस्त तिकिटांची लाट आली. वैमानिक कमी पडू लागले. रायबरेलीजवळच्या फुरसतगंज येथील सरकारी अकादमीबरोबर गोंदिया, बारामती, धुळे अशा ठिकाणीही उड्डाणाचे शिक्षण मिळू लागले. शेतकऱ्यांची आणि शिक्षकांची मुलेही या पेशाचा विचार करू लागली, पण खर्चाचा भार घरावरच राहिला. व्यावसायिक परवान्यासाठी किमान 200 तासांचे उड्डाण लागते. त्यावर विशिष्ट विमान चालवण्याची परवानगी, म्हणजे टाइप रेटिंग, वेगळी. सगळे मिळून आकडा सहज अर्ध्या कोटीच्या पुढे जातो आणि बहुतेक घरांत तो कर्जाने उभा राहतो.

लाट ओसरतेही. ऑक्टोबर 2012 मध्ये किंगफिशर आणि 17 एप्रिल 2019 रोजी जेट एअरवेज थांबली. कोरोनाच्या साथीत 25 मार्च ते 24 मे 2020 या काळात देशांतर्गत प्रवासी विमाने जमिनीवर होती. नुकताच परवाना घेतलेल्यांचे हप्ते मात्र थांबत नव्हते. नंतर 2023 मध्ये एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची मागणी नोंदवली आणि पुन्हा भरतीच्या बातम्या आल्या. याच सुमारास थकव्याचा प्रश्नही गांभीर्याने घेतला गेला. 2024 मध्ये जाहीर झालेल्या नियमांनी साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली.

या वाटचालीतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. या पेशात तेजी आणि मंदी आलटून पालटून येतात, आणि परवाना हाती येईपर्यंत दीड-दोन वर्षे निघून जातात. भरतीची बातमी पाहून घेतलेला निर्णय तोवर शिळा झालेला असू शकतो. त्यामुळे बारावीनंतर या वाटेला लागणाऱ्याने कर्ज काढण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, कारण तिच्यात नापास झालेल्याचा सगळा खर्च वाया जातो. परवान्यानंतर नोकरीविना दोन-तीन वर्षे काढता येतील एवढी तजवीज घरात असावी, आणि पदवीसारखा दुसरा आधार सोबत ठेवावा. एवढे करूनही उड्डाणाची ओढ टिकली, तर हा पेशा खुशाल निवडावा.