दहा सेंटांचा ठेवा

वर्तमानपत्राचे आयुष्य एका दिवसाचे, मासिकाचे फार तर महिन्याचे. पुढे दोहोंची गाठ रद्दीवाल्याच्या तराजूशीच. मुलांसाठी छापलेल्या चित्रकथांच्या वाट्याला तर एवढीही प्रतिष्ठा येत नाही. तथापि एखाद्या वाचकाने अशा टाकाऊ कागदाचाच ध्यास घेतला, तर त्यातून इतिहासाचे साधन कसे उभे राहते, हे अमेरिकेतील जेरी बेल्स यांच्या चरित्रावरून दिसून येते.

बेल्स यांचा जन्म १९३३ साली मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे झाला. त्यांच्या बालपणीच, १९३८ मध्ये, ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकातून सुपरमॅन अवतरला आणि दहा सेंट किमतीच्या रंगीत पुस्तिकांचे युग सुरू झाले. बेल्स यांचे मन जडले ते ‘ऑल-स्टार कॉमिक्स’वर. अनेक वीरांना एकाच कथेत एकत्र आणणारी ‘जस्टिस सोसायटी’ त्या पुस्तिकेत नांदत होती, आणि तिच्या बहुतेक आरंभीच्या कथा गार्डनर फॉक्स या वकिलीचे शिक्षण घेतलेल्या लेखकाने रचल्या होत्या.

परंतु या पुस्तिकांवर एकामागून एक संकटे आली. महायुद्धाच्या काळात रद्दी गोळा करण्याच्या देशव्यापी मोहिमांत असंख्य अंक नाहीसे झाले. युद्धानंतर काही गावांत पालकांनी व शिक्षकांनी मुलांकडून त्यांच्या जाहीर होळ्या करविल्या. १९५१ मध्ये ‘ऑल-स्टार’ ५७ अंकांनंतर वीरकथा सोडून घोडेस्वारांच्या कथांकडे वळले. आणि १९५४ मध्ये अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे या वाङ्मयाची चौकशीही झाली. ज्याची लाज वाटावी असे सांगितले जाते, ते जपून कोण ठेवणार?

बेल्स यांनी ते जपावयाचे ठरविले. ‘ऑल-स्टार’चे सर्व अंक मिळविण्याच्या खटपटीत त्यांनी थेट फॉक्स यांनाच पत्र लिहिले. फॉक्स यांनी आपल्या कथांचे अंक बांधून ठेवले होते. ते खंड पुढे बेल्स यांच्या हाती आले. लेखकाची प्रत वाचकाच्या कपाटात गेली. १९६० मध्ये मिसूरीतीलच रॉय थॉमस या तरुणानेही जुन्या अंकांसाठी फॉक्स यांना विचारणा केली, तेव्हा फॉक्स यांनी त्याला बेल्स यांचा पत्ता दिला. ज्या वेडात आपण एकटेच आहोत असे दोघांना वाटत होते, त्यात सोबती लाभला. १९६१ मध्ये ‘ऑल्टर ईगो’ ही घरगुती यंत्रावर प्रती काढलेली पत्रिका निघाली. त्याच वर्षी जुन्या अंकांच्या खरेदी-विक्रीच्या जाहिरातींसाठी ‘कॉमिकलेक्टर’ही बेल्स यांनी सुरू केले. दूरदूरचे वाचक एकमेकांना पत्रे लिहू लागले.

बेल्स हे डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात विज्ञानाचे अध्यापन करीत. शास्त्रज्ञाची शिस्त त्यांनी छंदालाही लावली. अंक जमू लागले तसे त्यांच्या ध्यानात आले की, बहुतेक कथांवर लेखकाचे वा चित्रकाराचे नावच नाही. पानामागे ठराविक मोबदला घेऊन राबलेली माणसे निनावी राहिली होती. जुन्या लेखकांना व चित्रकारांना पत्रे पाठवून, रेषांची धाटणी पारखून, बेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणती कथा कोणाची याची नोंद करावयास घेतली. हेम्स वेअर यांच्या साहाय्याने १९७३ ते १९७६ या काळात या कलावंतांचा चार खंडांचा चरित्रकोश सिद्ध झाला. २००६ मध्ये निधन होईपर्यंत बेल्स त्यात भर घालीत राहिले. दुर्मिळ अंकांची सूक्ष्मचित्रेही त्यांनी करवून घेतली. एकाच्या कपाटातील अंक अनेकांना वाचता यावा, हा त्यामागील हेतू.

या छंदाला दुसरेही वळण लागले. १९७० मध्ये जुन्या अंकांच्या भावांची ओव्हरस्ट्रीट मार्गदर्शिका निघाली. २०१४ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची एक प्रत ३२ लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकली गेली. अशा प्रती आता पारदर्शक पेटीत सीलबंद असतात. त्या पाहता येतात, उघडता येत नाहीत. अंकाची किंमत वाढली, पण त्याचा वाचक हरपला.

आपल्याकडेही मुंबईहून १९६४ मध्ये निघालेले आणि १९९० मध्ये बंद पडलेले ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ज्यांनी बालपणी मराठीतून वाचले, त्यांतील काही जण आज रद्दीच्या दुकानांत वेताळाचे अंक शोधताना दिसतात. त्याच मालिकेतील ‘बहादूर’ अनेकांना आठवतो. पण त्याचे जनक आबिद सुरती आणि त्याला रेषांत उतरविणारे गोविंद ब्राह्मणिया ही नावे किती जणांच्या ओठांवर आहेत? हरवलेला अंक सापडल्याचा आनंद मोठाच. पण तो घडविणाऱ्या हातांचे नाव त्यावर लिहिले जाईपर्यंत संग्राहकाचे काम संपत नाही.