उपेक्षित हातांची हकीकत

स्मरणिकेंत ख्रिस्तमंदिराची व धर्मगुरूंची हकीकत यावी, हें रीतीस धरूनच आहे. तथापि संपादकांच्या अनुज्ञेनें मी निराळा इतिहास सांगतों : बुद्धीची वाढ खुंटली म्हणून जगानें ज्यांस बाजूस सारिलें, त्यांच्या कलेचा.

स्वित्झर्लंडांतील बर्न शहरीं गॉटफ्रीड मिंड (१७६८–१८१४) नांवाचा चितारी होऊन गेला. त्यास धड लिहितां येत नसे. मांजरें मात्र अशीं रेखाटी कीं, लोक त्यास ‘मांजरांचा राफाएल’ म्हणूं लागले. पुढें पॅरिसमध्यें सेगँ यानें अक्षराआधीं हात व इंद्रियें यांस वळण देण्याची पद्धति बसविली. त्याचेच ग्रंथ अभ्यासून मॉन्टेसरीबाईंनीं १९०० च्या सुमारास रोम येथें अशा मुलांस शिकविलें. आज सुखवस्तु घरांतील बालकें ज्या साधनांशीं खेळतात, त्यांचें मूळ या मुलांच्या शिक्षणांत आहे, हें किती पालकांस ठाऊक असेल?

मुंबईस १९४४ सालीं होर्मसजी व जय वकील या दांपत्यानें आपल्या कन्येकरितां शाळा काढिली. आपल्या नाशकांत १९७७ सालीं रजनी लिमये यांनीं प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलें. त्यांस प्रेरणा झाली ती स्वतःच्या मुलामुळें. दोन्ही ठिकाणीं आरंभ विद्वानांनीं नव्हे, आईबापांनीं केला.

अशा शाळांतील मुलांनीं रंगविलेल्या पणत्या आपण दिवाळींत घेतों. पण बहुधा दयेपोटीं, नक्षीकडे न पाहतां.

अमेरिकेंतील ज्युडिथ स्कॉट (१९४३–२००५) हिला जन्मतः डाउन लक्षणसमूह होता. सात वर्षांची असतां तिला संस्थेंत ठेविलें. ती बहिरी आहे, हेंही वर्षानुवर्षें कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं. सुमारें ३५ वर्षांनीं जुळ्या बहिणीनें तिला सोडवून आणिलें आणि १९८७ सालीं ओकलंड येथील कलागृहांत घातलें. जवळजवळ दोन वर्षें तिचें मन कशांतच रमेना. मग सूत हातीं आलें. मिळेल ती वस्तु ती सुतानें गुंडाळी. त्यांतून मोठमोठे, अपूर्व आकार होत. ते आज संग्रहालयांत आहेत. मला त्या दोन रिकाम्या वर्षांचेंच मोल अधिक वाटतें. तेवढ्या काळांत तिला कोणीं घरीं पाठविलें नाहीं!

आतां स्वतःची कबुली. द्वारका चौकाजवळ राहणाऱ्या आपल्या एका कुटुंबांतील कन्येनें नाताळाच्या गोठ्यासाठीं मातीचीं मेंढरें आणिलीं. प्रत्येकास पांच पाय. मींच तीं गवतामागें ठेवविलीं. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों तीं पुढें आलेलीं. मीं पुन्हां मागें नेलीं, तीं पुन्हां पुढें. चौथ्या दिवशीं मी तिला विचारिलें, “बाळे, पांचवा पाय कशाला?” ती म्हणाली, “फादर, रात्रभर उभीं राहायचीं आहेत ना!”

यंदाच्या गोठ्यांत तीं बाळ येशूच्या अगदीं जवळ उभीं राहतील.