पाचशे पौंडांची खिडकी

घरात कोणाला कॅन्सर झाल्याचं कळलं की पहिल्या आठवड्यातच बऱ्याच गोष्टी दारातून आत येतात. रिपोर्टांची जाड फाइल येते, ओळखीच्या डॉक्टरांचे फोन नंबर येतात, कोणी गव्हांकुरांचा रस सुचवतं, तर कोणी पोथी किंवा अंगारा घेऊन येतं. आणणाऱ्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण आजारी माणसाच्या मनात काय चाललंय हे विचारणारं क्वचितच कोणी येतं.

'आध्यात्मिक समुपदेशन' हा शब्द आता मोठ्या इस्पितळांतून कानावर पडतो. तो ऐकला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे प्रवचन येतं. त्याचा इतिहास मात्र वेगळंच काही सांगतो. त्या इतिहासातलं माझं सर्वांत आवडतं पान आहे लंडनमधल्या एका वेटरचं.

त्याचं नाव डेव्हिड तास्मा. पोलंडमधल्या वॉर्सा शहरातून आलेला हा ज्यू माणूस १९४८ च्या सुरुवातीला लंडनच्या एका इस्पितळात मरणपंथाला लागला होता. वय साधारण चाळीस, शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला कॅन्सर, आणि जवळचं म्हणावं असं कोणी नाही. 'आपण जगलो त्याची कुठे खूणच राहणार नाही', ही त्याची खरी वेदना होती. त्याला भेटायला येत असे सिसिली सॉन्डर्स नावाची एक तरुण समाजसेविका. ती मूळची नर्स, पण पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावं लागलेलं. स्वतः श्रद्धाळू ख्रिश्चन. तो मात्र आपल्या धर्मापासून दूर गेलेला.

एकदा त्याने तिच्याकडे मनाला धीर देणारं काहीतरी मागितलं. तिने पाठ असलेली स्तोत्रं म्हटली. ती दोघांच्याही धर्मग्रंथांत आहेत, त्यामुळे त्यालाही परकी नव्हती. मग तिने विचारलं, आणखी काही वाचून दाखवू का? तो म्हणाला, नको. तुझ्या मनात आणि हृदयात जे आहे तेवढंच मला हवंय.

मला वाटतं, पुढची सगळी विद्या या एका वाक्यातून वाढली. पुस्तक मिटून ठेव आणि तू स्वतः इथे बस, एवढंच तो मागत होता.

तास्मा २५ फेब्रुवारी १९४८ ला गेला. जाताना त्याने तिच्या नावे ५०० पौंड ठेवले. अशा आजाऱ्यांसाठी घर बांधण्याबद्दल दोघं बोलत असत. त्या घरातली एक खिडकी मी होईन, असं तो म्हणाला होता. खिडकी मिळाली, पण तिच्याभोवती घर उभं राहायला १९ वर्षं लागली. मरणाऱ्यांना डॉक्टरच वाऱ्यावर सोडतात, तेव्हा तू डॉक्टरच हो, असा सल्ला तिला एका सर्जनने दिला. तिने तिशी उलटल्यावर वैद्यकीय शिक्षण सुरू केलं आणि १९५७ मध्ये ती डॉक्टर झाली. १९६७ मध्ये दक्षिण लंडनमध्ये 'सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस' सुरू झालं. तिथे तास्माच्या आठवणीची साध्या काचेची खिडकी आहे.

सेंट क्रिस्टोफर हे प्रवाशांचे संत. 'हॉस्पिस' म्हणजे मुळात मध्ययुगातल्या यात्रेकरूंचा विसावा. आपल्याकडे त्याला धर्मशाळा म्हटलं असतं. गाडगेबाबांनी पंढरपूरला, नाशिकला धर्मशाळा बांधल्या, आणि त्यांच्याच नावाच्या दादरच्या धर्मशाळेत परळच्या टाटा इस्पितळात आलेले कॅन्सरचे रुग्ण नातेवाइकांसह उतरतात. हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

सॉन्डर्सबाईंचं आणखी एक मोठं काम म्हणजे त्यांनी दुखणं मोजायची रीतच बदलली. १९६० च्या दशकात त्यांनी एका बाईंना कुठे दुखतंय म्हणून विचारलं. बाईंनी सुरुवात पाठीपासून केली. मग नवऱ्यावर आणि मुलावर आल्या, मग आपलं कोणी समजूनच घेत नाही यावर. यातून त्यांनी 'समग्र वेदना' ही कल्पना मांडली. शरीराची, मनाची, घरादाराची आणि आत्म्याची अशा चार वेदना एकमेकींत गुंतलेल्या असतात. एकच सोडवायला गेलं तर गाठ आणखी आवळते.

पण त्या भाबड्या नव्हत्या. आधी शरीराची वेदना थांबली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. दुखून ओरडेपर्यंत वाट न पाहता घड्याळाप्रमाणे ठरलेल्या वेळी मॉर्फिन द्यायचं, ही पद्धत त्यांनी रुजवली. तळमळणाऱ्या माणसाशी देवाबद्दल काय बोलणार? आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे तेच मॉर्फिन रुग्णांना मिळणं महाकठीण झालं. कायद्यात दुरुस्ती व्हायला २०१४ उजाडलं. मधल्या काळात किती जण तळमळत गेले असतील, याचा विचारही नकोसा वाटतो.

त्याच सुमारास अमेरिकेत शिकागोला वेगळाच प्रकार घडत होता. १९६५ मध्ये धर्मशास्त्र शिकणारे चार विद्यार्थी एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे आले. त्यांना मृत्यूविषयी अभ्यास करायचा होता. बाई म्हणाल्या, मग मरणाऱ्यांनाच विचारू या. वॉर्डांत चौकशी केली तर डॉक्टर सांगू लागले, आमच्याकडे असे रुग्णच नाहीत! तरीही दोनशेहून अधिक रुग्ण बोलले, आणि १९६९ मध्ये त्यांचं गाजलेलं पुस्तक निघालं. लोकांनी त्यातल्या पाच अवस्था तेवढ्या पाठ केल्या. रुग्ण हा शिक्षक आणि आपण विद्यार्थी, ही त्यातली मुख्य गोष्ट मागेच राहिली.

आपल्याकडे टाटा इस्पितळ १९४१ चं. पण ज्यांच्यावर आता उपचार उरलेले नाहीत त्यांनी जायचं कुठे, याचं उत्तर मुंबईत मिळायला १९८६ उजाडलं. कॅन्सर सर्जन डॉ. एल. जे. डिसोझा यांनी वांद्र्याला 'शांती आवेदना सदन' सुरू केलं. हे भारतातलं पहिलं हॉस्पिस. पुढे त्याच्या शाखा गोव्यात आणि दिल्लीतही झाल्या. शुश्रूषा ख्रिस्ती सिस्टर करतात, पण दार सगळ्या धर्मांच्या रुग्णांना उघडं आहे आणि पैसे घेतले जात नाहीत.

मात्र हे सगळं फक्त शेवटच्या दिवसांसाठी आहे असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये केलेल्या व्याख्येत हा आधार आजाराच्या सुरुवातीपासून, केमोथेरपी आणि रेडिएशनच्या बरोबरीने द्यावा असं सांगितलं, आणि त्यात आध्यात्मिक प्रश्नांचाही स्पष्ट उल्लेख केला.

हे महत्त्व मला पुस्तकातून कळलं त्यापेक्षा माझ्या आत्याच्या केमोच्या वेळी जास्त कळलं. घरी येणारे कोणी 'मागच्या जन्मीचे भोग' म्हणत, कोणी 'देव आपल्याच माणसांची परीक्षा बघतो' म्हणत. आत्या मान डोलवायची आणि दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. एकदा सलाइन चालू असताना इस्पितळातल्या एक समाजसेविका बाई तिच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, सध्या सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो?" आम्हाला वाटलं, ती उलट्यांचं सांगेल. आत्या म्हणाली, "चाळीस वर्षं नवरात्राचे उपास केले हो मी. मला तिचा राग येतो. आणि राग येतो म्हणून भीती वाटते."

त्या बाईंनी देवीची बाजू घेतली नाही, की आत्याला समजावलं नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाल्या, "आपल्या माणसावरच रागावतो ना आपण?" आत्या खूप रडली. रात्री जेवताना मात्र पहिल्यांदाच घटस्थापनेबद्दल आपणहून बोलली. पुढे दीड वर्षाने ती गेली. पण मधल्या दोन्ही नवरात्रांत तिने सुनेला समोर बसवून सगळा कुळाचार शिकवला, आणि अधूनमधून देवीशी भांडलीसुद्धा.

आपल्या संतांनीही विठ्ठलाशी असंच मोकळेपणाने भांडण केलंय. म्हणजे ही परंपरा आपल्याला नवी नाही. फक्त आजाऱ्याच्या खोलीत शिरताना आपण ती दाराबाहेर ठेवतो आणि हातात उत्तरं घेऊन आत जातो.

सिसिली सॉन्डर्स २००५ मध्ये गेल्या, कॅन्सरनेच, आणि स्वतः उभारलेल्या त्याच हॉस्पिसमध्ये. तास्माच्या ५०० पौंडांतून उभं राहिलेलं काम तोवर जगभर पसरलं होतं. तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कोणा आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा पोथी जरूर न्या. पण ती पिशवीतून काढायच्या आधी एक खुर्ची ओढून बसा, आणि तो काय म्हणतो ते ऐका.