आनंदपुरचा ठराव

मागणी काय आहे यापेक्षां मागणारा कोण आहे हें पाहून तिचा अर्थ लावण्याची संवय मोठी चिवट असते. पंजाबांत तिची किंमत फार जबर पडली.

१९५५ सालीं राज्यपुनर्रचना आयोगानें पंजाबीभाषी राज्य नाकारलें. भाषेच्या आडून धर्म बोलतो आहे, असा दिल्लीकरांना संशय होता. तो अगदींच निराधार होता असें म्हणवत नाहीं. पण घरांत पंजाबी बोलणाऱ्या कित्येक हिंदूंनीं १९६१ च्या खानेसुमारींत मातृभाषा हिंदी लिहविली, तिथें तरी दुसरें काय बोलत होतें? अखेर १ नोव्हेंबर १९६६ रोजीं राज्य झालें. चंदीगड मात्र केंद्राकडे राहिलें.

१९७३ सालीं अकाली दलाच्या कार्यकारिणीनें आनंदपुर साहिब येथें ठराव केला. संरक्षण, परराष्ट्रव्यवहार, चलन व दळणवळण केंद्रानें पाहावें. बाकीचें राज्यांकडे द्यावें. त्यांत खालसा पंथाच्या वर्चस्वाची भाषाही होती, आणि टीकाकारांनीं तीच तेवढी वाचली. १९७८ सालीं लुधियानाच्या परिषदेंत तर सर्वच राज्यांना अधिक अधिकार मागितले गेले. तरीही फुटीरपणाचा शिक्का पुसला नाहीं.

मग १९८४ चा रक्तपात झाला. २४ जुलै १९८५ रोजीं राजीव गांधी व संत हरचंदसिंग लोंगोवाल यांचा करार झाला, आणि ठरावांतील केंद्र-राज्य संबंधांचा भाग सरकारिया आयोगाकडे विचारार्थ गेला. हें बारा वर्षांपूर्वींच करतां आलें नसतें काय?

२० ऑगस्टला लोंगोवालांची हत्या झाली. करारान्वयें २६ जानेवारी १९८६ ला पंजाबला मिळावयाचें चंदीगड आजही केंद्रशासितच आहे.