सोपारा : गजबजलेल्या शहरातील प्राचीन बंदर

वसई-विरार म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांसमोर प्रथम उभी राहते ती विरार लोकलची गर्दी. नव्या इमारती, रिक्षांच्या रांगा आणि पाण्याची ओरड ही या शहराची अलीकडची ओळख. चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून २००९ साली येथे महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांच्या घरात पोहोचली होती. तुंगारेश्वरच्या डोंगरालगत असलेले गोखिवरे हे वसई पूर्वेचे गाव. आज तेथे औद्योगिक गाळे आणि निवासी संकुले उभी आहेत. गोखिवऱ्याहून वसई रोड स्थानक गाठले की पुढचेच स्थानक नालासोपारा. नाळे आणि सोपारा या दोन गावांच्या नावांतून ते बनले. त्यातल्या सोपाऱ्याचे नाव दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तच्या किनाऱ्यावरील ग्रीक व्यापाऱ्यांना ठाऊक होते, हे मात्र दररोज तेथून जाणाऱ्या कित्येक प्रवाशांच्या गावीही नसते.

आधुनिक शहराच्या पोटात जपलेले प्राचीन अवशेष पाहायचे तर रोम किंवा लंडन गाठावे, असा आपला समज असतो. रोमशी ज्या बंदराचा व्यापार चाले, त्या बंदराचे अवशेष आपल्याच लोकलच्या मार्गावर आहेत. ते कसे पाहावेत आणि त्यांत नेमके काय पाहावे, याची ही माहिती.

शूर्पारक ते सोपारा

संस्कृत ग्रंथांतील ‘शूर्पारक’ म्हणजेच सोपारा. पुराणपरंपरेने या भूमीचा संबंध परशुरामाशी जोडला आहे, तर बौद्ध परंपरेने पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याशी. समुद्रव्यापारात धन मिळविलेला हा पूर्ण पुढे भिक्षू झाला आणि त्याच्या सांगण्यावरून येथे चंदनी लाकडाचा विहार उभारून बुद्धांना निमंत्रण देण्यात आले, अशी कथा ‘दिव्यावदान’ या ग्रंथात येते. श्रीलंकेच्या ‘महावंसा’नुसार त्या बेटावर राज्य स्थापन करणाऱ्या विजयाचे जहाज आधी येथेच लागले होते.

या कथा बाजूला ठेवल्या तरी कोरीव पुरावा भक्कम आहे. नाशिकच्या पांडवलेण्यातील उषवदाताच्या शिलालेखात त्याने शोर्पारग येथे प्रवाशांसाठी विश्रामगृह बांधल्याचा उल्लेख आहे. तेथील रामतीर्थाचेही नाव त्यात येते. सोपाऱ्यात रामकुंड हे नाव आजही टिकून आहे. नाणेघाटातील पाण्याच्या एका टाक्यावर सोपाऱ्याच्या गोविंददासाने ते दान दिल्याची नोंद कोरलेली आहे. बंदरातला माल घाट चढून जुन्नर, पैठण आणि तेरकडे कसा जात असे, हे त्या एका ओळीवरून लक्षात येते. ज्याला हा घाट वारंवार चढावा लागे, त्याने वाटेत पाण्याची सोय केली!

पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची जी माहितीपुस्तिका लिहिली ती ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखली जाते. भडोचच्या दक्षिणेकडील बंदरे सांगताना तिच्यात ‘सुप्पारा’ आणि त्यापुढे ‘कल्लिएना’ म्हणजे कल्याण, ही नावे आहेत. तांबड्या समुद्रातील बंदरांतून जुलैच्या सुमारास निघालेली जहाजे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर भारताचा किनारा गाठत. कल्याणला येणाऱ्या ग्रीक जहाजांना अडथळा होत असल्याची आणि तेथे लागलेले जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाण्याची शक्यता असल्याची सूचनाही लेखकाने दिली आहे. कोकणातल्या बंदरांवरून त्या काळी सत्तांची चढाओढ चालली होती, याची ही परकीय साक्ष. दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलातही सोपाऱ्याचे नाव आहे आणि पुढे अरब लेखकांनी त्याला ‘सुबारा’ म्हटले. कालांतराने खाडी गाळाने भरत गेली, जहाजांनी दुसरी बंदरे धरली आणि सोपारा हे बागायतीचे गाव होऊन राहिले.

बुरुड राजाचे कोट

नालासोपारा पश्चिमेला सोपारा गावात विटांचा एक स्तूप आहे. गावकरी त्या उंचवट्याला ‘बुरुड राजाचे कोट’ म्हणत. मूळ ओळख विसरली गेली होती आणि कुणा एका बुरुड राजाचा हा किल्ला, अशी समजूत तेवढी उरली होती. १८८२ साली ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचे काम चालू असताना पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा उंचवटा खणला. जुनागढचे भगवानलाल हे भारतीय पुराभिलेखविद्येच्या आद्य अभ्यासकांपैकी एक.

स्तूपाच्या मध्यभागी, विटांच्या कोठीत, त्यांना दगडी करंडक सापडला. त्यात तांब्याचा करंडक होता. त्याच्या आत चांदीचा, त्याच्या आत दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा, असे एकात एक करंडक होते. सोबत सोन्याची फुले होती. इतके जपून ठेवलेल्या शेवटच्या करंडकात मातीच्या भांड्याचे लहान तुकडे होते. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून पूजिले गेले असावेत, असे भगवानलालांचे मत होते. तांब्याच्या करंडकाभोवती आठ धातुमूर्ती होत्या. गौतमासह सात बुद्ध आणि आठवा भावी बुद्ध मैत्रेय.

याच ठेव्यात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणे मिळाले. हे नाणे दुसऱ्या शतकातले, तर मूर्ती शैलीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या मानल्या जातात. याचा अर्थ सरळ आहे. स्तूप एकदा बांधून सोडून दिलेला नव्हता. काही शतकांनी तो उघडून जुना ठेवा नव्या मूर्तींसह पुन्हा प्रतिष्ठित करण्यात आला. म्हणजे सोपाऱ्यातील बौद्ध उपासना निदान सहा-सात शतके कोणत्या ना कोणत्या स्वरूपात चालू होती. १९३९-४० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने येथे पुन्हा उत्खनन केले. आज हा स्तूप राष्ट्रीय महत्त्वाचे संरक्षित स्मारक आहे. बुद्धपौर्णिमेला येथे श्रद्धाळूंची गर्दी होते. अवशेष असूनही ही वास्तू पुन्हा जिती झाली आहे, हे तिचे वेगळेपण.

यात्रा कशी करावी, हे सांगणारा दगड

त्याच १८८२ साली सोपाऱ्याजवळच्या भातेला तळ्याच्या परिसरात भगवानलालांना बेसॉल्टचा एक तुटका तुकडा मिळाला. त्यावर ब्राह्मी अक्षरे होती. सम्राट अशोकाच्या चौदा प्रमुख शिलालेखांपैकी आठव्याचा तो भाग निघाला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या शिलालेखाचा अंश सापडला. एका ठिकाणी आठवा आणि नववा लेख असेल तर मूळ संच येथे पूर्ण कोरलेला असावा, असे अनुमान निघते. मात्र उरलेले बारा लेख अद्याप मिळालेले नाहीत.

तुटक्या दगडावरचा मजकूर समजतो कसा? अशोकाने हेच लेख गिरनार, शाहबाजगढी, कालसी अशा अनेक ठिकाणी कोरविले. तेथील पाठांशी अक्षरे जुळवून सोपाऱ्याची गळलेली वाक्ये भरून काढता येतात.

या आठव्या लेखाचा विषय आहे प्रवास. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात आणि त्यात शिकार व तत्सम करमणुकी होत, असे अशोक प्रारंभी सांगतो. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर तो संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेला आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. धर्मयात्रेत काय करावे याची यादीच तेथे आहे. ब्राह्मण व श्रमण यांचे दर्शन घ्यावे, त्यांना दान द्यावे. वृद्धांना भेटावे, त्यांना साहाय्य करावे. गावोगावच्या लोकांना भेटून त्यांच्याशी धर्माविषयी बोलावे. यात मोठ्या वास्तूंचा उल्लेख नाही, माणसांचा आहे. वसई-विरारच्या भूमीत सापडलेला सर्वांत जुना लेख परक्या ठिकाणी गेल्यावर कसे वागावे हे सांगतो, ही गोष्ट सोपाऱ्याला जाणाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

जागा एकीकडे, वस्तू दुसरीकडे

सोपाऱ्याला जाणाऱ्यांपैकी काही जण निराश होऊन परततात. त्यांना अपेक्षा असते सांचीसारख्या कोरीव तोरणांची. प्रत्यक्षात दिसतो तो झाडांच्या सावलीतला विटांचा उंचवटा. याचे कारण असे की सोपाऱ्याचे वैभव तीन ठिकाणी विभागलेले आहे. स्तूप जागेवर आहे. आठव्या शिलालेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. करंडक आणि मूर्ती मुंबईच्याच एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. ज्याने केवळ स्तूप पाहिला त्याला त्याचे महत्त्व कळत नाही आणि ज्याने केवळ शिलालेख पाहिला त्याला त्याची जागा कळत नाही.

परदेशांतील शहरांनी हा प्रश्न निरनिराळ्या पद्धतींनी सोडविला आहे. लंडनमध्ये १९८८ साली गिल्डहॉलच्या कलादालनासाठी जमीन खणताना रोमन रंगमंडल सापडले. अवशेष तळघरात जागेवरच ठेवून ते लोकांना खुले करण्यात आले आणि वरच्या चौकात फरसबंदीत काळसर दगडांची वक्र रेघ बसविली. चौक ओलांडणाऱ्याच्या पायाखाली काय आहे, ते ती रेघ सांगते. रोममधल्या लार्गो दी तोर्रे आर्जेन्तिना या चौकात चहूबाजूंनी वाहतूक चालते आणि मधोमध खाली प्राचीन मंदिरे आहेत. ज्युलियस सीझरची हत्या झाली ती याच परिसरात. अनेक दशके केवळ कठड्यावरून दिसणाऱ्या या अवशेषांत २०२३ पासून पायवाटेने उतरता येते.

आपल्याकडे १९५८ चा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा आणि २०१० ची त्यातील दुरुस्ती यांनुसार केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीची अट आहे. या तरतुदीने वास्तू वाचतात. मात्र त्याच परिघात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना घराची साधी वाढही अवघड होते, हेही तितकेच खरे. वारसा जपण्याचा भार त्याच्या शेजाऱ्यांवर पडतो. त्या शेजाऱ्यांना आपण काय जपतो आहोत हे समजले नाही, तर कुंपण हा त्यांना केवळ जाच वाटेल. स्तूपाजवळ शिलालेखाची आणि करंडकांची प्रतिकृती व मराठीत नीटस माहिती असणे म्हणूनच अगत्याचे आहे. शहराच्या खर्चात ही बाब फार मोठी नव्हे.

त्याच शहरातले दुसरे अवशेष

सोपारा पाहिल्यावर वसईचा किल्ला पाहणे सयुक्तिक ठरते. एकाच शहरातील या दोन वास्तूंमध्ये काळाचे मोठे अंतर आहे. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने ती जिंकली. बाजीराव दुसरा आणि इंग्रज यांच्यातील १८०२ चा तहही वसईचाच. किल्ल्यात जमीन दरवाजा व सागर दरवाजा, पडक्या चर्चच्या उंच भिंती, पोर्तुगीज अक्षरे कोरलेल्या कबरींच्या शिळा आणि मराठ्यांच्या काळातील नागेश्वराचे मंदिर हे सारे एका तटात आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातील घंटा वसईच्या मोहिमेतली म्हणून प्रसिद्ध आहे. येथेही जागा एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे!

भेटीचा क्रम

शक्य असल्यास आधी मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातला शिलालेख पाहावा. एशियाटिक सोसायटीतील ठेवा पाहायचा असेल तर आगाऊ चौकशी करावी. त्यानंतर नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेकडून रिक्षाने स्तूपाकडे जावे. सोपाऱ्यातच चक्रेश्वर तळ्याकाठच्या मंदिरात ब्रह्मदेवाची प्राचीन उभी मूर्ती आहे. तीही चुकवू नये. दुपारनंतर वसई रोडला येऊन पश्चिमेकडून बस किंवा रिक्षाने किल्ला गाठता येतो. पावसाळ्यात किल्ल्यात गवत माजते, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. स्तूपाच्या विटांवर चढू नये. ते उपासनेचे स्थान आहे, याचे भान ठेवावे.

आणि सोपाऱ्यात गेल्यावर एखाद्या वयस्कर रहिवाशाशी चार शब्द बोलावेत. जुनी तळी, खाडीची वाट, बुरुड राजाची गोष्ट ही माहिती फलकांवर मिळत नाही. शिलालेखातल्या यादीतही वृद्धांची भेट सांगितली आहेच.